रिकामं बटण

अक्कलकोट रोडला, माझ्या पत्र्याच्या शेडात
एकाच नावाच्या दोन गाड्या उभ्या आहेत.
एक दोन हजार दोनची, एक चौदाची.
दोन्ही लाल, दोन्ही दोनच माणसांच्या,
दोन्ही टॉवेलवाल्या गुरुशांत हत्तुरेच्या.
"एक विकायचीय," म्हणतो. "कुठली ते तू सांग की बे."

बाहेर चव्वेचाळीस. आत पाना हातात धरवत नाही.

जुनीचे दिवे बॉनेटमध्ये झोपतात.
कळ दाबली की उठतात,
डावा आधी, उजवा जरा विचार करून.
चौदाच्या गाडीचे डोळे कायमचे उघडे, काचेखाली.
धडक बसलीच तर पायी चालणाऱ्याला कमी लागावं
म्हणून म्हणे कुठल्याशा देशात नियम झाला.
अशोक चौकात पायी चालणाऱ्याचा
एवढा विचार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

जुनीत तेल बघायची पट्टी आहे.
ओढायची, फडक्याला पुसायची, घालून परत ओढायची,
आणि तेलाचा रंग बोटावर घेऊन
महिनाभर गाडीनं काय सोसलं ते वाचायचं.
नवीत पट्टीच नाही. पडदा सांगतो: तेल ठीक.
मी तरी दहा मिनिटं वाकून शोधत होतो,
कपाळावरचा चष्मा घरभर शोधावा तसा.

स्टेपनीच्या खड्ड्यात आता एक बाटली, पंक्चरचं औषध.
हँडब्रेकच्या जागी नखाएवढी कळ.
ताकद वाढली. वजनही वाढलं. दोघांनी मिळून
वाढ खाऊन टाकली.

आणि आवाज.
हत्तुरेनं मला होटगी रोडला नेलं, विमानतळाच्या भिंतीपर्यंत.
"ऐक," म्हणाला, पाय दाबून.
आवाज झकास होता, फक्त इंजिनाकडून येत नव्हता.
मी दारातल्या जाळीला कान लावला.
स्पीकर.
इंजिन आत हळू बोलतं
आणि त्याचं बोलणं दुसरंच कुणी मोठ्यानं वाचून दाखवतं.
मी गप्प बसलो. तो खूश होता.
येताना गतिरोधकावर गाडी तिरकी घातली,
तरी पोट घासलंच. एवढं मात्र
दोन्ही मॉडेलांत सारखं.

संध्याकाळी नायना डबा घेऊन आले. कडक भाकरी, शेंगाचटणी.
छत्तीस वर्षं जेकार्डचे पुठ्ठे टोचलेला माणूस,
मोराच्या शेपटीला किती भोकं लागतात ते अजून पाठ.
दोन्ही गाड्यांवरून त्यांनी तळहात फिरवला,
चादरीचं पोत बघतात तसा.

"शेठ दरवर्षी म्हणायचा, नवीन डिझाईन पाहिजे.
आम्ही चार पुठ्ठे बदलायचो. बाकी मोर तोच.
सूत महागलं त्या वर्षी
चादर दोन बोटं आखूड केली
आणि काठाला एक कमळ वाढवलं.
लोकांनी कमळ बघितलं.
पाय उघडे पडतात हे
फक्त उंच माणसांना कळलं."

मग ते नवीत बसले, म्हणजे उतरलेच, इतकी खाली आहे ती.
गुडघे कुरकुरले.
गिअरजवळच्या बटणांवरून बोट सरकत गेलं:
तीन बटणांवर चित्रं, चौथं कोरं.
दाबलं. हलेना. परत दाबलं.
"इदेंदि?"
"काही नाही, नायना. वरच्या मॉडेलला तिथं काहीतरी असतं.
यात नुसतं झाकण."

त्यांनी बोट काढलं नाही.
"पुठ्ठ्यात न टोचलेली जागा असते ना," म्हणाले,
"तिथं धागा वर येत नाही.
पण जातो कुठं?
चादर उलटी करून बघ."

एवढ्यात फोन. "ठरलं का बे?"
मी जुनीकडं बघितलं.
"उद्या सांगतो," म्हटलं. "आज
तिचा उजवा दिवा उघडत नाहीये."

उघडत होता.